अ‍ॅम्बॅसेडर जिंकली नव्हती

समाजमाध्यमांवर एक चित्र ठरावीक दिवसांनी पुन्हा पुन्हा उगवते. डावीकडे पांढरीशुभ्र अ‍ॅम्बॅसेडर, उजवीकडे काळीपिवळी पद्मिनी, आणि खाली एका ओळीत निकाल: पहिली 'भारतीय रस्त्यांची राणी', दुसरी तिची नाजूक धाकटी बहीण. मग प्रतिक्रियांचा पूर येतो. 'रणगाडा होता रणगाडा', 'खड्ड्यांसाठीच जन्मलेली गाडी', 'पन्नास वर्षे उगाच टिकली का?' वगैरे.

मित्रहो, हा धागा त्या निकालाविरुद्ध आहे.

माझे म्हणणे सुरुवातीलाच मांडतो. गाडी विकत घेणारा, पेट्रोल भरणारा आणि दुरुस्तीचे बिल चुकवणारा माणूस एकच असेल, तर त्याच्या दृष्टीने या दोघींत पद्मिनी सरस होती. अ‍ॅम्बॅसेडरचे थोरपण बहुतांशी मागच्या आसनावरून लिहिले गेले, आणि मागच्या आसनावर बसणारा बहुधा पेट्रोलचे पैसे देत नव्हता. तिचे दीर्घायुष्य हा गुणवत्तेचा पुरावा म्हणून पुढे केला जातो. तो पुरावा धोरणाचा आहे, आणि धोरण कोणासाठी होते हे तपासल्याशिवाय इतिहासाच्या विद्यार्थ्याने त्यावर सही करू नये.

आधी कुळे पाहू. बिर्लांची हिंदुस्थान मोटर्स १९४२ मध्ये गुजरातेतील ओखा बंदरी स्थापन झाली आणि १९४८ मध्ये कोलकात्याजवळ हुगळीकाठच्या उत्तरपाड्याला गेली. तिथे १९५० च्या दशकाच्या अखेरीस जी अ‍ॅम्बॅसेडर बनू लागली, ती म्हणजे ब्रिटनची मॉरिस ऑक्सफर्ड, मालिका तिसरी. वालचंद हिराचंद यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ ची, कारखाना मुंबईत कुर्ल्याला. प्रथम क्रायस्लरशी करार करून अमेरिकन गाड्या, पुढे फियाटशी हातमिळवणी. १९५४ पासून फियाट ११०० ची रूपे येत गेली. त्यांपैकी एका गोलमटोल अवताराला मुंबईकरांनी 'डुक्कर फियाट' म्हटले, आणि त्या नावात तुच्छतेपेक्षा लाडच अधिक होता. १९६४ च्या सुमारास ११००-डी आली, 'डिलाइट' या नावाने. हीच गाडी १९७० च्या दशकात फियाटचे नाव गळाल्यावर आधी 'प्रीमियर प्रेसिडेंट' आणि मग 'प्रीमियर पद्मिनी' झाली. (तेव्हा '१९६५ ची पद्मिनी' असे शीर्षक देऊन छायाचित्रे टाकणाऱ्यांना नम्र विनंती: ती फियाट आहे. पद्मिनीचे बारसे व्हायला अजून जवळजवळ दशक होते.)

म्हणजे 'भारतीय रस्त्यांसाठी जन्मलेली' हा दावा पहिल्याच पायरीवर घसरतो. एकीचा जन्म इंग्लंडातील मध्यमवर्गीय कुटुंबासाठी झाला, दुसरीचा इटलीतील. ऑक्सफर्डची ती मालिका ब्रिटनमध्ये १९५९ मध्ये बंद झाली. इटलीत ११०० चे कुटुंब १९६९ पर्यंत संपले. इथे मात्र दोघी एकविसावे शतक पाहून गेल्या. त्या इथल्या खड्ड्यांसाठी बनल्या नव्हत्या. आपण त्यांच्यात बसून खड्ड्यांतून गेलो, कारण तिसरे वाहन मिळत नव्हते.

आता आकड्यांकडे येऊ. ज्यांना 'कामगिरी' हा शब्द फेकायला आवडतो, त्यांनी इथे थोडे थांबावे.

अ‍ॅम्बॅसेडरचे इंजिन सुरुवातीला १४७६ सीसीचे, जुन्या साइड-व्हॉल्व्ह पद्धतीचे होते. १९५९ मध्ये त्याच्या जागी १४८९ सीसीचे ओव्हरहेड-व्हॉल्व्ह इंजिन आले, आणि पुढली तीन दशके पेट्रोलवरच्या अ‍ॅम्बॅसेडरचा संसार त्याच्यावरच चालला. शक्ती पन्नास अश्वशक्तीच्या आसपास. गाडीचे वजन सुमारे ११०० किलो. पद्मिनीचे इंजिन १०८९ सीसी, शक्ती चाळीसच्या घरात, वजन सुमारे ९०० किलो. मोजण्याच्या पद्धतीनुसार हे आकडे थोडे वरखाली होतात, पण गुणोत्तर फारसे बदलत नाही: दर टनामागे अ‍ॅम्बॅसेडरकडे साधारण पंचेचाळीस अश्वशक्ती, पद्मिनीकडेही साधारण तेवढीच. दोघींचा कमाल वेग ताशी १२० किलोमीटरच्या आगेमागे, आणि तोही कागदावर. तिथे भांडण्यासारखे काही नाही.

परंतु हेच गुणोत्तर उलट्या बाजूने वाचा. सुमारे ४०० सीसी कमी क्षमतेच्या इंजिनात पद्मिनी तेवढीच चपळाई देते. तो जादाचा एक-तृतीयांशाहून मोठा भाग अ‍ॅम्बॅसेडर कशात खर्च करते? मुख्यतः स्वतःला ओढण्यात. शहरात अ‍ॅम्बॅसेडर लिटरमागे साधारण नऊ-दहा किलोमीटर जाई, आणि नीट राखलेली पद्मिनी बारापर्यंत पोचे. आज हा फरक किरकोळ वाटेल. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल कडाडले, तेव्हा तो महिनाअखेरीच्या हिशेबातला सर्वांत मोठा आकडा होता.

आणखी एक गोष्ट, जी 'राणी'च्या भाटांना सहसा ठाऊक नसते. अ‍ॅम्बॅसेडरचे १४८९ सीसीचे इंजिन ज्या ब्रिटिश घराण्यातले, त्याच घराण्याचे, त्याच आकाराचे इंजिन १९५५ च्या एमजीए या स्पोर्ट्स गाडीत सत्तरच्या आसपास अश्वशक्ती देत होते. दोन कार्ब्युरेटर, बऱ्या प्रतीचे पेट्रोल आणि वेगळी जुळणी, एवढ्यावर. म्हणजे उत्तरपाड्याच्या गाडीचा मंदपणा हा काही विधिलिखित नव्हता. कुर्ल्यानेही फार पराक्रम गाजवला असे नाही. इटलीत ११००-डी ला १२२१ सीसीचे इंजिन मिळाले, तरी आपल्याकडे १०८९ चेच चालत राहिले, अखेरपर्यंत. दोन्ही कारखान्यांना सुधारणा करण्याचे कारणच नव्हते. ते का, याकडे पुढे येतो.

प्रतिपक्षाची सर्वांत बळकट बाजू इथेच मांडतो, कारण ती खरी आहे. पूर्ण भरलेली गाडी घेऊन बोरघाट चढायचा असेल, तर अ‍ॅम्बॅसेडर बरी. मोठे इंजिन कमी फेऱ्यांवरही ओढ देते, आणि गिअर सारखा बदलावा लागत नाही. पद्मिनीचे छोटे इंजिन ओझ्याखाली धापा टाके. उन्हाळ्यात खंडाळ्याच्या चढावर बोनेट उघडून, रेडिएटर निववत उभ्या असलेल्या गाड्यांत फियाटी पुष्कळ असत (अ‍ॅम्बॅसेडरही काही कमी नसत, पण असो). अ‍ॅम्बॅसेडरची चाके पंधरा इंचांची, पद्मिनीची चौदा. बैलगाडीच्या चाकोऱ्या पडलेल्या कच्च्या वाटेवर तो एक इंचही जाणवतो. पुढचे सलग आसन, मागे ऐसपैस जागा, छत उंच. फेटा किंवा टोपी न काढता ज्येष्ठ मंडळी आत बसत. डिकीत लग्नाचा रुखवत मावे. गावाकडच्या ज्या भाड्याच्या गाडीत माणसे मोजून नव्हे तर दार लागेपर्यंत भरली जात, तिथे पद्मिनी अ‍ॅम्बॅसेडरची बरोबरी करू शकत नव्हती. पुढे डिझेल इंजिन आल्यावर तर लांब पल्ल्याच्या भाड्यासाठी अ‍ॅम्बॅसेडरला पर्यायच उरला नाही. ते डिझेल इंजिन इतके अशक्त होते की चढावर संयमाची परीक्षा होई. तथापि, डिझेल स्वस्त होते, आणि भाड्याच्या धंद्यात तेवढे पुरते.

हे सारे मान्य. पण हा दावा किती लहान आहे ते पाहा: लांब पल्ला, भरगच्च ओझे, वाईट रस्ता. 'रस्त्यांची राणी' या बिरुदात सबंध देश येतो. डॉक्टर, वकील, प्राध्यापक, छोटा व्यापारी, शहरातला टॅक्सीवाला अशा ज्या माणसांच्या हाती स्वतःची मोटार होती, त्यांचा रोजचा रस्ता हा नव्हता. त्यांना चार माणसे, दोन पिशव्या, गिरगावातली गल्ली आणि पेट्रोलचा खर्च सांभाळायचा होता. पद्मिनी अ‍ॅम्बॅसेडरहून जवळजवळ एका हाताने आखूड. भुलेश्वरात हातगाडीच्या मागे अडकून वळण घेताना ती हातभर जागाच 'उपयुक्तता' असते.

'रणगाडा' या विशेषणाचाही एकदा हिशेब लावू. पत्रा जाड म्हणजे गाडी सुरक्षित, ही समजूत आपल्याकडे इतकी घट्ट आहे की ती भौतिकशास्त्रालाही जुमानत नाही. धडकेचा जोर कोठेतरी जिरावा लागतो. गाडीचा पुढचा भाग ठरवून चुरडला जाईल अशी रचना नसेल, तर तो जोर आत बसलेल्याच्या छातीत जिरतो. या दोन्ही गाड्यांचे आराखडे त्या विचाराच्या आधीचे. ताठ सुकाणूदांडा, ड्रम ब्रेक, आणि दीर्घकाळ सीटबेल्टचा पत्ता नाही. धडकेनंतर अ‍ॅम्बॅसेडरचा बंपर शाबूत राहिल्याच्या कथा सांगणारे वाचलेले असतात. न वाचलेले कथा सांगत नाहीत. या बाबतीत पद्मिनीचीही बाजू मी घेणार नाही.

'कुठेही, कोणताही मेस्त्री दुरुस्त करू शके' हा गुण तर दोघींच्या नावावर सारखाच जमा आहे. एक पान्हा, एक पेचकस, पेट्रोल पंप तापून बंद पडला की त्यावर ओले फडके. कोलकात्याच्या मल्लिक बाजारात अ‍ॅम्बॅसेडरचा आणि कुर्ल्याच्या गॅरेजांत पद्मिनीचा प्रत्येक सुटा भाग मिळे. पण सुटे भाग इतके सर्वत्र मिळत होते, याचा दुसरा अर्थ ते सर्वत्र लागत होते. ग्रीसिंग, ट्यूनिंग, पिस्टन-रिंगा, सिलिंडरचे बोअरिंग हे गाडीबरोबर येणारे वार्षिक सण होते. गाडी पंचवीस वर्षे टिकली, यात कारखान्याइतकाच, किंबहुना थोडा अधिक, वाटा कळकट कपड्यांतल्या त्या कारागिराचा आहे. त्याचे श्रम स्वस्त होते म्हणून गाडी 'अमर' झाली.

आता बाजाराकडे. माझा खरा आक्षेप इथे आहे.

'जिंकली' हे क्रियापद वापरायचे तर शर्यत झाली पाहिजे. १९५३ च्या टॅरिफ आयोगाच्या अहवालानंतर केवळ जोडणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांना इथे जागा उरली नाही. १९२८ पासून शिवडीला गाड्या जोडणाऱ्या जनरल मोटर्सने १९५४ मध्ये काम थांबवले. मैदानात उरले मुख्यतः तिघे: उत्तरपाडा, कुर्ला आणि मद्रासची स्टँडर्ड. किती गाड्या काढायच्या, आयात सुट्या भागांसाठी किती परकीय चलन मिळणार, हे दिल्ली ठरवी. १९५९ च्या नियंत्रण आदेशाने गाडी कोणाला कोणत्या क्रमाने मिळणार हेही बांधले गेले. गिऱ्हाइकाने नाव नोंदवायचे आणि वाट पाहायची, कित्येक वर्षे. हाती आलेली गाडी लगेच विकण्यावर बंधन होते, कारण वापरलेली गाडी नव्या गाडीहून महाग विकली जात असे! ज्या बाजारात जुनी वस्तू नवीपेक्षा महाग असते, त्या बाजारातल्या खपावरून वस्तूची गुणवत्ता ठरवणे म्हणजे रेशनच्या रांगेच्या लांबीवरून तांदळाचा सुवास ठरवणे.

तक्रारी तेव्हाही होत्या. मोटारींचा दर्जा खालावत असल्याचा बोभाटा इतका झाला की १९६७ मध्ये केंद्र सरकारने दर्जाच्या चौकशीसाठी समिती नेमली. १९६९ मध्ये सरकारने गाड्यांच्या किमती आदेशाने ठरवल्या. उत्पादक न्यायालयात गेले, आणि 'प्रीमियर ऑटोमोबाइल्स विरुद्ध भारत सरकार' हा खटला सर्वोच्च न्यायालयात गाजला. कारखानदार म्हणत, या किमतीत सुधारणा कशी करू? सरकार म्हणे, सुधारणा नाही तर किंमत कशी वाढवू? दोघांच्या मध्ये रांगेत उभा असलेला माणूस तेच इंजिन, तोच स्टिअरिंगलगतचा गिअर आणि तेच ड्रम ब्रेक घेऊन घरी जाई. त्यातही तो पेढे वाटत जाई. आज त्या पेढ्यांची आठवण गाडीच्या गुणांत जमा होते.

अशा बांधलेल्या बाजारात एक गिऱ्हाईक मात्र रांगेबाहेरचे होते: खुद्द सरकार. मंत्री, सचिव, जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक यांच्या दिमतीला पांढरी अ‍ॅम्बॅसेडर आली आणि राहिली. तिच्यावर दिवा चढला, पडदे लागले, मागच्या आसनावर पांढरा टॉवेल अंथरला गेला. सत्तेचे रूप म्हणून ती आपल्या डोळ्यांत ठसली. मारुती आल्यानंतरच्या काळातही ती तग धरू शकली, त्यात या सरकारी खरेदीचा आणि टॅक्सीचा आधार मोठा होता. पद्मिनीला असा यजमान नव्हता. ती २००१ च्या सुमारास थांबली, अ‍ॅम्बॅसेडर २०१४ पर्यंत चालली. मधली तेरा वर्षे ही गुणवत्तेची नव्हेत, आश्रयाची आहेत.

स्वतःचे पैसे मोजताना काय होई, याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. लालबहादूर शास्त्री पंतप्रधान असताना कुटुंबासाठी गाडी घ्यायचे ठरले. त्यांच्या कुटुंबीयांनी सांगितलेल्या हकिकतीप्रमाणे किंमत १२,००० रुपये होती, जवळ ७,००० होते, आणि उरलेल्या ५,००० साठी पंजाब नॅशनल बँकेचे कर्ज काढले गेले. शास्त्रीजींच्या निधनानंतर ते कर्ज ललिताबाईंनी फेडले. ती गाडी फियाट होती. एका उदाहरणावरून सिद्धांत उभा राहत नाही, हे मला मान्य आहे. पण 'पंतप्रधानांची गाडी' म्हटले की ज्यांच्या डोळ्यांपुढे फक्त अ‍ॅम्बॅसेडर येते, त्यांनी हे एक उदाहरण तरी जवळ ठेवावे.

आता टॅक्सीचा मुद्दा. इथे दोन्ही पक्ष हुकतात. पद्मिनीवाले म्हणतात, मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी पद्मिनी निवडली, यातच सारे आले. अ‍ॅम्बॅसेडरवाले कोलकात्याच्या पिवळ्या टॅक्सीकडे बोट दाखवतात. नकाशा काढून बघा: कुर्ला कोठे आहे आणि उत्तरपाडा कोठे. कारखाना जवळ, म्हणून सुटे भाग जवळ, म्हणून त्याच गाडीत हात बसलेले मेस्त्री जवळ. टॅक्सीवाल्याच्या लेखी गाडी एक दिवस उभी राहिली तर त्या दिवसाची चूल अडते. त्यामुळे या दोन शहरांची निवड एकमेकींविरुद्ध पुरावा म्हणून वापरताच येत नाही. मुंबईपुरते मात्र एवढे नोंदवावे लागेल की इथल्या टॅक्सीवाल्याने पद्मिनीला जितके पिळले, तितके आराखडा काढणाऱ्या इटालियन अभियंत्याने स्वप्नातही कल्पिले नसेल. न्यायालयाच्या आदेशांनंतर शहरातल्या टॅक्सी सीएनजीवर आल्या. टाकी डिकीत बसली, सामानाला जागा उरली नाही, म्हणून बॅगा टपावरच्या कॅरिअरवर चढल्या. सत्तरच्या दशकातली गाडी नव्या शतकाचे इंधन पिऊन विमानतळाच्या फेऱ्या मारत राहिली. 'नाजूक' हे विशेषण तिला लावणाऱ्याने दादर स्थानकाबाहेर कधी टॅक्सी केलेली नसावी.

बीबीसीच्या 'टॉप गिअर'ने २०१३ मध्ये अ‍ॅम्बॅसेडरला जगातली सर्वोत्तम टॅक्सी ठरवले, ते कात्रण प्रत्येक वादात येते. तो करमणुकीचा कार्यक्रम होता, टॅक्सींची गमतीची शर्यत होती. त्यातून करमणूक घ्यावी. लिटरमागे किती, हे काही तिथे कोणी विचारले नाही.

एक कालविपर्यास सर्रास होतो, तोही सांगून टाकतो. 'अ‍ॅम्बॅसेडर पळायला लागली की भल्याभल्यांना मागे टाकी' असे म्हणणारे बहुधा १९९० च्या दशकातल्या इसुझू इंजिनाच्या गाडीबद्दल बोलत असतात: १८१७ सीसी, पंचाहत्तरच्या घरात अश्वशक्ती, पाच गिअर. ती खरोखरच पळे. इंजिन नवे, सांगाडा मात्र जुनाच. पण त्या गाडीची तुलना १९७४ च्या पद्मिनीशी करून निकाल देणे म्हणजे पेशव्यांच्या तोफखान्याची तुलना शिवकालीन तोफांशी करून शिवाजी महाराजांना नापास करण्यासारखे आहे. तुलना करायची तर एकाच वर्षाची करा.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली. ७९६ सीसी, वजन साडेसहाशे किलोच्या आसपास, दर टनामागे सुमारे साठ अश्वशक्ती. अ‍ॅम्बॅसेडरच्या निम्म्याहून थोड्याच मोठ्या इंजिनात ती दोघींच्या पुढे निघून गेली. सुमारे पंचवीस वर्षे ज्या दोघींची तुलना घरोघरी चालली होती, त्या तुलनेतला अर्थच गेला. गिऱ्हाइकाने निर्णय घ्यायला वेळ लावला नाही, कारण निर्णय घेण्याची संधी त्याला प्रथमच मिळाली होती.

शेवटची पद्मिनी टॅक्सी म्हणून ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली. वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ अखेर ती मुंबईच्या रस्त्यांवरून उतरली. अ‍ॅम्बॅसेडर हे नाव २०१७ मध्ये फ्रान्सच्या प्यूजो समूहाला ८० कोटी रुपयांना विकले गेले. गाडी नव्हे, नाव.

ज्यांच्या घरात यांपैकी एखादी होती, त्यांच्याकडे एक मागणी आहे. छायाचित्रे पुष्कळ झाली. कपाटात जुने आरसी बुक, पेट्रोलच्या पावत्या, गॅरेजची बिले, नाव नोंदवल्याची आणि गाडी मिळाल्याची पत्रे असतील, तर तारखा आणि आकडे खाली लिहा. कोणती गाडी, कोणते वर्ष, कोणते गाव, लिटरमागे किती, आणि नोंदणीपासून किल्ली हाती येईपर्यंत किती वर्षे. पुढच्या धाग्यात त्यांचा तक्ता मांडेन. त्यात अ‍ॅम्बॅसेडर सरस ठरली, तर तेही तसेच छापेन.